तोरणाखालून उलटा गेलेला बंब

आगीचा बंब कशासाठी असतो, हा प्रश्न पांढुर्ण्यात विचारू नये. उत्तरं फार मिळतात. मोठे पाहुणे येणार असले की रस्त्यावरची धूळ बसवायला असतो. जयंतीच्या आदल्या दिवशी पुतळ्याच्या डोक्यावरून कबुतरांचा प्रसाद धुवायला असतो. उन्हाळ्यात नळ रुसले की ज्याचं नगरपालिकेत वजन, त्याच्या गल्लीत टाकी रिकामी करायला असतो. या सगळ्यातून सवड मिळालीच तर आग विझवायलाही असतो. मी या बंबावर उभी हयात काढली. आमच्या बंबाने आगीपेक्षा धूळ जास्त विझवली, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

संपादकांनी मला 'थरारक काही तरी' लिहायला सांगितलं आहे. त्यांच्या डोळ्यांपुढे शिडीवरून बाळाला घेऊन उतरणारा जवान असावा. आमच्या बंबावर शिडी होती, पण तिचा मुक्काम बहुतेक नगरपालिकेच्या दिव्यांच्या खात्याकडे असायचा. आणि बाळं आमच्या गावात सुदैवाने तळमजल्यावरच राहतात.

बाहेरगावच्या वाचकांना एवढं सांगायला हवं की आमचं पांढुर्णा आणि शेजारचं सौंसर मध्य प्रदेशात आहे, पण जीभ आमची वऱ्हाडाची आहे. सरकारी कागदावर आम्ही 'दमकल', लोकांच्या तोंडी 'बंब'. सौंसरला एक बंब आणि पांढुर्ण्याला एक. दोघांचं नातं जावा-जावांचं. एक आजारी पडली की दुसरीने दोन्ही चुली सांभाळायच्या, आणि वर दोघींनी एकमेकींना नावं ठेवायची. सौंसरवाल्यांचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असे, "आमची बॅटरी उतरली जी, तुमची पाठवा."

असाच एकदा बोरगावकडून धूर दिसतो म्हणून सौंसरचा फोन आला. बोरगाव त्यांच्या उंबऱ्याशी, आमच्यापासून लांब. पण बॅटरी उतरलेली. आम्ही घंटा वाजवत, म्हशी हाकलत, घामाघूम होऊन पोहोचलो. पाहतो तर एक शेतकरी बांधावर निवांत बसून वावरातल्या पऱ्हाट्या जाळत होता. कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं, दुसरं काही नाही. त्याने आमचं स्वागत केलं, प्यायला पाणी दिलं आणि म्हणाला, "आलेच हा तर त्या कोपऱ्यातली जरा पेटवून द्या ना भाऊ, विझूनच राहिली हाय."

किराण्याच्या दुकानाला आग लागली की वेगळीच मौज. मालक आमच्या हातातल्या ब्रांचसमोर आडवा उभा राहायचा. ब्रांच म्हणजे पाइपाच्या टोकाची पितळी तोटी. "तिकडे नका मारू, तिकडे साखर हाय! इकडे मारा. नाही नाही, इकडे बेसन!" पाणी कुठे मारायचं हे आगीने ठरवायचं की साखरेने, याचा निकाल लागेपर्यंत छप्पर बसलेलं असे. मग तोच माणूस चौकात सांगायचा, बंबवाले नुसते पाहत उभे होते.

पाहत उभं राहण्याएवढं हे काम सोपं नाही. बंबाच्या टाकीतलं पाणी जोरात सोडलं तर विडी ओढून होईस्तोवर संपतं. म्हणून ते ज्वाळेवर उडवायचं नसतं. ज्वाळा दिसायला मोठी, पण तिच्यावर मारलेलं पाणी वाया जातं. पाणी मारायचं बुडाशी, जिथे जळतंय तिथे. कापसाची आग त्याहून बनेल. गाठ, म्हणजे गासडी, वरून काळी पडते, विझल्यासारखी गप्प बसते आणि आतून धुमसत राहते. ती ओढून, फोडून, उलगडून भिजवावी लागते. ब्रांच धरणाऱ्याला पाण्याचा धक्का असा बसतो की नवा माणूस पहिल्या दिवशी हमखास पार्श्वभागावर बसतो. मीही बसलो होतो, भर बाजारात, आणि आठवडाभर लोक मला पाहून खाली बसायची नक्कल करत.

आता आमचा ड्रायव्हर शालिकराम. अस्सल कास्तकाराचा पोरगा. घरची शेती भावांकडे, हा नोकरीत. वावर सुटलं पण बैल काही त्याच्या डोक्यातून गेले नाहीत. बंबाला तो 'लाख्या' म्हणायचा. लाखेच्या रंगाचा बैल तो लाख्या. सकाळी इंजिन सुरू होईना तर धक्का मारण्याआधी बॉनेटवर थोपटायचा, "चाल बावा, चाल, आज काय रुसला?" आणि खरं सांगायचं तर बंब त्याच्या हातात जेवढा चालला तेवढा पुन्हा कुणाच्या हातात चालला नाही.

पोळ्याला तर शालिकरामला ऊत यायचा. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात, तसे तो बंबाचे पुढचे दोन्ही मडगार्ड पळसाच्या पानाने शेकायचा आणि हात जोडून आवतन द्यायचा, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी आरशांना गोंडे, बंपरला बेगड, घंटेला नवी दोरी आणि रेडिएटरसमोर पुरणपोळी. वर मला बजावून ठेवायचा, "वसंताभाऊ, आज लाख्याले जुपायचं नाही. सण हाय त्याचा."

मी म्हणायचो, "अरे, आग पंचांग पाहून लागते का?"

"आजवर तं नाही लागली ना पोळ्याले? मंग देव पाहून घेते."

देवाने एक वर्ष पाहिलं नाही. पोळ्याच्या दिवशी ऊन कलल्यावर फोन आला. जवळच्या एका गावात पाटलाची वखार पेटली. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, तिथे माझी सोयरीक आहे. वखार संत्र्याच्या पेट्यांची होती. बहार यायच्या आधी लाकडी पट्ट्यांची आणि पेटीत घालायच्या वाळलेल्या गवताची थप्पीच्या थप्पी लावून ठेवायचे. बाहेर पावसाळा, आत बारूद. शालिकरामने पुरणपोळी रेडिएटरसमोरून उचलून डोक्याला लावली, डब्यात ठेवली आणि निमूट गाडी काढली. गोंडे काढायला वेळ नव्हता. आम्ही बोहल्यावर निघाल्यासारखे निघालो.

गावाच्या तोंडाशी पोहोचलो आणि थांबलो. रस्त्यावर आडवं तोरण बांधलेलं. आंब्याची पानं ओवलेला दोर, दोन बाजूंच्या लाकडी बल्ल्यांना. तोरणाच्या अलीकडे गावातले सगळे बैल सजून उभे, शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या तोरणाखालून पहिली जोडी जाते ती मानाची. ती गेली, तोरण तुटलं, म्हणजे पोळा फुटला. मग बाकीचे बैल. मानाच्या जोडीच्या आधी तोरणाखालून कुणी गेलं तर तो मान त्याचा. यावरून आमच्याकडे डोकी फुटली आहेत आणि सख्ख्या भावांची बोलणी पिढ्यान्‌पिढ्या बंद आहेत.

वखार तोरणाच्या पलीकडे. धूर दिसत होता, पट्ट्या तडतडल्याचं ऐकूही येत होतं. डाव्या हाताला नाला फुगलेला, उजव्या हाताला घरं. दुसरा रस्ता नाही.

मी ओरडलो, "बैल बाजूला घ्या! शालिकराम, घाल पुढे!"

शालिकरामने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "भाऊ, तोरण हाय. म्या नाही तोडत."

"अरे, आग लागली आहे!"

"दिसून राहिलं मले. पण माह्या हातून नाही होणार. पाटलाले विचारा."

मान पाटलाचा आणि वखारही पाटलाचीच. मला वाटलं, सुटलो. बाबारावजी पाटील आपल्या मानाच्या जोडीचा कासरा धरून तोरणाच्या अगदी तोंडाशी उभे होते. त्यांची जोडी आधी निघायची, पण बँडवाले यायचे होते. मी हात जोडून म्हटलं, "पाटील, तुम्ही तुमची जोडी काढा पटकन, मागून आम्ही जातो."

"बँडाबिगर?" पाटील म्हणाले. "बापजाद्यापासून बिना वाजंत्र्याची नाही गेली आमची जोडी."

तेवढ्यात मागून विठ्ठलराव पुढे आले. हे पाटलाचे पिढीजात वैरी. मान मूळचा आमचा, असा त्यांचा दावा. आजवर त्यांनी पाटलाच्या भल्याचा एक शब्द काढलेला कुणी ऐकला नव्हता. त्यांना अचानक दयेचा पाझर फुटला. "गाडीले जाऊ द्या बाबारावजी! माणुसकी हाय का नाही? तुमचं येवढं नुकसान होऊन राहिलं, आमाले पाहवत नाही. तोरण काय, तुटू द्या तोरण!"

पाटलांचा चेहरा कडक झाला. गाडी आधी गेली की मान मोडला, आणि पुढच्या वर्षी विठ्ठलराव मान मागत दारात, हे त्यांना धुरापेक्षा स्पष्ट दिसलं. ते म्हणाले, "वखार माही हाय. जळू दे. मान नाही जाणार."

गर्दीतून कौतुकाचा हुंकार उठला. काय माणूस आहे! घर जळतंय पण बात सोडत नाही! मला त्या क्षणी सगळ्यांवर पाइप सोडावासा वाटला.

तेव्हा पार्वताबाई धावत आली. वखारीच्या मागे तिची एक खोली आणि खोलीला लागून गोठा. वखारीची राखण करायची आणि एका म्हशीच्या दुधावर पोट भरायचं, असं तिचं होतं. तिचे हात कोपरापर्यंत भाजले होते. गोठ्याचं दार आगीच्या बाजूला, तिला आत शिरता आलं नव्हतं. तिने पाटलांच्या अंगावर जाऊन म्हटलं, "वखार तुमची हाय पाटील, म्हस माही हाय! म्हस बांधली हाय आत!"

सगळ्यांनी पाटलांकडे पाहिलं. एवढे बैल, एवढ्या झुली, एवढे गोंडे, आणि एकाही बैलाचा कासरा कुणी मागे ओढेना. आता तरी वाट मोकळी होईल असं मला वाटलं. पण गावात शहाणी माणसं फार असतात. एक म्हातारे बुवा काठी टेकत पुढे आले आणि त्यांनी तोडगा काढला. जनावर तोरणाखालून तोंडाने जातं, तेव्हा मान लागतो. गाडी उलटी गेली, शेपटीकडून, तर ती तोरणाखालून गेली असं धरायचं नाही. दोर बांबूने वर उचलायचा, म्हणजे तुटायचाही नाही.

सगळ्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जणू आगच विझली. पाटलांनी मान डोलावली. विठ्ठलरावांना खोट काढता येईना. शालिकरामसुद्धा म्हणाला, "हे बराबर हाय." कुणी तरी टाळ्या वाजवल्या.

आता बंब वळवायचा कसा? बैलांच्या गर्दीत, चिखलात, नाल्याच्या काठावर. एक बैल बिथरला, एक बाक मोडला, मागचं चाक रुतलं. लोकांनी ढकलून काढलं, त्यांच्या मदतीला मी नावं ठेवणार नाही. मग दोघांनी बांबूने तोरण उचललं आणि आमचा बंब गोंडे हलवत, घंटा वाजवत, पाठमोरा आगीकडे निघाला. मी मागच्या पायरीवर लटकून ओरडत होतो, "आन दे, आन दे, थोडं डावं, आन दे!" गर्दीतून आरोळी उठली, "हर बोला हर हर महादेव!" इतक्या उत्साहाने आम्हाला कुणी आगीकडे कधी पाठवलं नव्हतं.

पोहोचलो तेव्हा गोठ्याचं छप्पर बसलं होतं. म्हशीचा आवाजही थांबला होता. आम्ही खोली वाचवली, वखारीचा अर्धा भाग वाचवला. बुडाशी पाणी मारलं, थप्प्या ओढून फोडल्या, शालिकराम पंप सोडून स्वतः ब्रांचला येऊन उभा राहिला आणि त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं ते सगळं बंबाचं नव्हतं. मीही रडलो. लपवण्यासारखं काही नाही त्यात.

पोळा फुटल्यावर, वाजंत्री लावून, पाटील वखारीवर आले. कपाळाला गुलाल. त्यांनी पाहणी केली आणि मला म्हणाले, "सुक्या पट्ट्याबी ओल्या करून टाकल्या तुमी." त्यांच्यामागून आलेल्या चार प्रतिष्ठितांनी पार्वताबाईची समजूत घातली. त्यातला एक म्हणाला, "नशीब समज बाई, म्हसच गेली. पोळ्याच्या दिवशी बैल गेला असता तं गावावर पाप आलं असतं."

पार्वताबाई त्याच्याकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, तुमच्या गाडीले तोंड नोहतं का हो?"

दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे आमची दगडफेकीची जत्रा. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधे दगडांचा पाऊस. आमचा बंब नेहमीप्रमाणे बंदोबस्ताला उभा. त्याच्या काचेवर दरवर्षी एखादा गोटा यायचाच आणि तो पांढुर्ण्याचा की सावरगावचा, यावर वर्षभर वाद चालायचा. त्या वर्षी काच फुटली, तेव्हा शालिकराम वाद सोडून काचा वेचत बसला. आरशांचे गोंडे त्याने सकाळीच काढून टाकले होते. पुढे त्याने लाख्याला कधीच आवतन दिलं नाही.

गावाने मात्र आठवण ठेवली. पोळ्याला तोरणाखाली एकमेकांची टर उडवणारी कवनं म्हणतात, त्यांना झडत्या म्हणतात. पुढच्या पोळ्याला त्या गावात आमच्यावर झडती झाली:

धूर पाहून गाव धावलं, बंब आला मागून,
तोंड इकडं, शेपूट तिकडं, पाणी टाके वाकून,
आग म्हणे, ये गं बाई, बसली होती थांबून,
हर बोला हर हर महादेव!

झडती झकास होती. मलाही हसू आलं. बंब होता त्यात, आग होती, शेपूटही होतं. म्हैस तेवढी नव्हती.

पार्वताबाईने नंतर दुसऱ्याच्या म्हशी सांभाळायला घेतल्या. त्या गावी सोयऱ्यांकडे गेलो की मी तिच्या दारावरून जायचो. ती दारात उभ्याउभ्या बोलायची, पोराबाळांची विचारपूस करायची. पण 'बसा' असं कधी म्हणाली नाही. आमच्याकडे दारी आलेल्या माणसाला बसा न म्हणणं म्हणजे काय, हे इकडच्या वाचकाला सांगायला नको.

मी निवृत्त झालो. शालिकराम निवृत्त झाला आणि लाख्याही. लाख्या आवारात कोपऱ्यात उभा आहे, त्याच्या टाकीत आता घोरपड राहते म्हणतात. मग पांढुर्ण्याचा जिल्हा झाला. जिल्हा झाल्याने पहिल्यांदा पाट्या बदलल्या, नंतर साहेब वाढले आणि शेवटी नवा बंब आला. लालभडक, बटणांचा, आरशातच नव्हे तर पडद्यावर मागचं दाखवणारा. लोकार्पण सोहळा ठरला. जुने कर्मचारी म्हणून मला पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली, मांडीवर शाल-नारळ. बंबाला झेंडूच्या माळा, समोर दोन बांबूंना बांधलेली लाल रिबीन. पाहुणे यायचे होते. पाहुणे नेहमीच यायचे असतात.

बसल्या बसल्या सगळ्यांना धूर दिसला. मागच्या बाजूला, वस्तीकडे. लगेच एक माणूस सायकल टाकून धावत आला, "कुटाराच्या ढिगाले आग लागली जी, गोठा बाजूलेच हाय!" कुटार म्हणजे जनावरांना घालायचा भुसा.

नव्या ड्रायव्हरने चावीला हात घातला. सोहळ्याचे प्रमुख साहेब माइक सोडून धावले. "रुको, रुको! रिबीन अभी कटी नहीं." मग मराठीत समजावू लागले, "भाऊ, पाहुणे रस्त्यातच हायत, बस पोहोचूनच राहिले. लोकार्पणच झालं नाही तं गाडी सेवेत कशी धरायची? जरा समजून घ्या." सौंसरला फोन लावा, असंही कुणी तरी सुचवलं. त्यांची बॅटरी ठीक असल्यास.

मी उठलो. शाल खाली पडली, नारळ गडगडत पुढाऱ्यांच्या खुर्च्यांखाली गेला. ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन म्हटलं, "मागचं फाटक उघडं आहे. उलटा घे."

साहेब म्हणाले, "अहो, रिबीन?"

"रिबिनीला कोण हात लावतोय? ती समोर आहे. बंब मागून जाईल."

साहेबांनी रिबिनीकडे पाहिलं, मग फाटकाकडे. आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला तेच समाधान दिसलं, अगदी तेच, जे त्या पोळ्याला अख्ख्या गावाच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. "हां," ते म्हणाले, "मागून चालते."

बंब झेंडू चिरडत मागे गेला आणि फाटकाबाहेर पडला. मी सोबत गेलो, मला कुणी उतरवलं नाही. इकडे पाहुणे आले. त्यांनी वेळेअभावी बंबाशिवायच रिबीन कापली, मागच्या मोकळ्या मैदानाकडे पाहून नमस्कार केला आणि टाळ्या झाल्या. फोटो छान आले असं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पार्वताबाईच्या गावी गेलो. ती ओट्यावर शेंगा निवडत होती. मी दारात उभा राहून सगळं सांगितलं, नक्कल करून, साहेबांच्या हिंदीसकट. रिबिनीवर ती हसली नाही.

"जनावर होतं आत?" तिने विचारलं.

"होतं."

"सुटलं?"

"सुटलं. दावं कापून काढलं. पाठीला जरा धग लागली, बाकी काही नाही."

"बैल होता?"

"म्हैस होती."

शेंगा निवडणारे तिचे हात थांबले. हातांवरचे जुने पांढरे डाग मला स्पष्ट दिसत होते.

"म्हस होती, तरी गेले?"

"गेलो."

तिने सूप बाजूला सारलं, पदराने ओटा पुसला.

"बसा जी," ती म्हणाली.